कुंभारणीची भिंत

प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात ट्रे धुवायचा एक कट्टा होता. त्यावरचा नळ मी विद्यार्थी असल्यापासून गळत होता आणि तो दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सरांनी दोनदा परत पाठवलं होतं. दुसऱ्या वेळी त्याच्या हातात प्राचार्यांची चिठ्ठी होती. सरांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि त्याला म्हणाले, "त्यांना सांगा, नळ गळत नाही. पाणी देतो."

ते खरंच होतं. तासगावच्या उन्हाळ्यात त्या बाजूला द्राक्षबागा सोडल्या तर ओलं असं काही उरायचं नाही. नळाखाली मात्र हातभर जागेत कायम चिखल असे आणि त्यावर कुंभारणी यायच्या. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची गांधीलमाशी, जी घराच्या भिंतीवर, तसबिरीमागे, कधी कधी खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यातसुद्धा मातीचं घर बांधते. चिखलाची गोळी तोंडात धरून ती उडायची आणि व्हरांड्याच्या भिंतीवर लिंपायची. या भिंतीला आम्ही 'बाईंची भिंत' म्हणायचो, कारण सर कुंभारणीला बाई म्हणत. "बाई आल्या," असं ते वर्गात मध्येच म्हणाले की नवी मुलं गडबडून उभी राहत. त्यांना वाटे, कुणी शिक्षिका आल्या.

सर प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते. मी त्यांच्याकडेच शिकलो आणि मग त्यांच्याच हाताखाली तात्पुरता प्रयोगनिर्देशक म्हणून लागलो. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. कॉलेजला दर दिवाळीत रंग लागायचा, पण ती एक भिंत सोडून. तिच्यावर प्रत्येक मातीच्या घराशेजारी पेन्सिलीने क्रमांक घातलेला असे आणि बांधायला कधी घेतलं, कधी लिंपलं, पोर कधी बाहेर पडलं याच्या तारखा. अंगणवाडीच्या भिंतीवर मुलांची उंची मांडतात तशी ती भिंत दिसायची.

उंच, जरासा वाकलेला माणूस. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, त्याला चार खिसे आणि चारही खिशांत काड्यापेट्या. सर विडी-सिगारेट ओढत नसत. पेट्यांत काय असे ते त्यांनाच ठाऊक. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असायची.

दर गुरुवारी संध्याकाळी ते एसटी स्टँडवर जात. कुठे जायला म्हणून नव्हे. गाडी फलाटाला लागली की हे पुढे होऊन रेडिएटरच्या जाळीत अडकलेली फुलपाखरं, टोळ, चतुर चिमट्याने काढत. कोणत्या गाडीने काय आणलं ते लिहीत. कडेगावच्या गाडीला पिवळी फुलपाखरं जास्त, जतच्या गाडीला नाकतोडे. उसाच्या पट्ट्यात काय उडतं आणि माळावर काय उडतं, हे या माणसाने एसटीच्या नाकाडावरून मांडलं होतं. तिकीट न काढता जिल्हा फिरतो, असं म्हणायचे.

एक कंडक्टर त्यांना ओळखून होता. तो लांबूनच ओरडायचा, "आवं सर, घाई करा! लय पाखरं घिऊन आलोय आज. उतारू दोनच हायत, पर पाखरं फुल!"

"कुठली रे गाडी?"

"कडेगाव. वाटंत डायवरला म्हणलं, हळू चालव गड्या, सरांचा माल हाय फुडं."

त्या नोंदींच्या दोन वह्या भरल्या होत्या. त्यांचं छोटंसं पुस्तक करायचं सरांच्या मनात होतं. ते का झालं नाही, ते पुढे येईल. ते माझ्यामुळे झालं नाही.

विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे मुलांना टाचणीला टोचलेल्या कीटकांची पेटी द्यावी लागे. मारून आणलेल्या कीटकाला सर शून्य देत. ट्यूबलाइटखाली, खिडकीच्या चौकटीत मेलेले सापडतील ते आणा, म्हणायचे. त्याशिवाय प्रत्येकाने एक जिवंत कीटक महिनाभर बघायचा आणि लिहायचं. मी वसतिगृहाच्या मेसमधले मुंगळे घेतले होते. सात पानं लिहिली. सरांनी पहिल्या पानावर लाल शाईने एवढंच लिहिलं : 'पाहिलंस की वाटलं?' मग समोर बसवून म्हणाले, "पाहिलं तेच लिही. वाटलं ते घरी जाऊन आईला सांग."

वहीत खोडायचं नाही, हा दुसरा नियम. चूक झाली तर वरचं तसंच ठेवायचं आणि खाली दुरुस्ती लिहून तारीख, सही करायची. "खोडलं की चूकही जाते आणि चुकलेला माणूसही जातो," असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी असे. ते माझ्या अंगाशी आलं, म्हणजे मी आणलं. "रोज सारखंच दिसलं तर समज, तू बघितलंच नाहीस."

कुंभारणीबद्दल ते दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक प्रयोग दाखवत. कुंभारीण मातीची एक खोली बांधते, तीत नांगी मारून बधिर केलेले कोळी भरते, अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळी आत कोळी खात वाढते. सर काय करत, ती कोळी आणायला गेली की खोलीला खालून भोक पाडून आतले कोळी काढून घेत. ती यायची, नवा कोळी ठेवायची, पुन्हा जायची. हे पुन्हा काढायचे. ठरलेल्या खेपा झाल्या की ती रिकामी खोली नीट लिंपून निघून जायची.

"बघा," सर म्हणत. "आत काही नाही आणि बाई कुलूप लावून गेल्या. लिंपलं की संपलं. कीटक मागे वळत नाही. चुकलं तरी पुढेच जातो. त्याला आपल्यासारखं मन खात नाही."

मुलं हसायची. मीही हसलो होतो.

एका मार्चमध्ये सरांची आई आजारी पडली आणि ते नऊ दिवसांसाठी औंधला गेले. औंध त्यांचं गाव. त्यावेळी भिंतीवर शेहेचाळीस क्रमांकाच्या घराचं बांधकाम चालू होतं. जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. लांबट जाबदा वही, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. "दहा ते एक. स्टुलावर बसायचं. बाकी काही करायचं नाही," म्हणाले. बावीस वर्षांत ती वही त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती.

मी दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी गेलो नाही.

कारण काही मोठं असतं तर बरं झालं असतं. मी आजारी नव्हतो, घरी अडचण नव्हती. वसतिगृहाच्या टीव्हीवर क्रिकेट चालू होतं आणि स्टुलावर बसून मला कंटाळा आला होता. इतकंच. चौथ्या दिवशी तिसऱ्या दिवसाची लाज वाटली म्हणून गेलो नाही आणि पुढचे दिवस तसेच गेले.

सर यायच्या आदल्या दुपारी मी स्टाफरूममध्ये बसून सात दिवसांच्या नोंदी लिहिल्या. दोन पेनं वापरली. वेळा बदलल्या, कोळ्यांची संख्या कमीजास्त केली. लिहून झाल्यावर वाचलं, तर सातही दिवस सारखेच दिसत होते. आणि सरांचं वाक्य आठवलं. रोज सारखंच दिसलं तर तू बघितलंच नाहीस. आता पकडला जाणार असं वाटलं. म्हणून शेवटच्या, नवव्या दिवसाखाली आणखी एक नोंद घातली :

'सकाळी ११.१०. क्र. ४६ मधली काल लिंपलेली खोली. बाई परत आली. लिंपण फोडलं. एक कोळी बाहेर काढून टाकला. पुन्हा लिंपलं. वेळ २५ मिनिटं.'

मला ती साधी गंमत वाटली होती. चवीपुरतं मीठ.

सर स्टँडवरून पिशवीसकट सरळ प्रयोगशाळेत आले. आई बरी होती. उभ्याउभ्याच वही चाळायला लागले. एका जागी थांबले. मग स्टूल ओढून बसले आणि पुन्हा वाचलं.

"हे तू पाहिलंस?"

त्या वेळी नाही म्हणता आलं असतं. फार तर ओरडले असते. ओरडायचेही नाहीत कदाचित. वही काढून घेतली असती आणि पुन्हा दिली नसती. मला तेच नको होतं.

"हो सर."

ते नळापाशी गेले, तोंडावर पाणी मारलं आणि ओल्या चेहऱ्याने परत आले. "बावीस वर्षं मी मुलांना चुकीचं शिकवलं," म्हणाले. चुकल्यावर इतका आनंदलेला माणूस मी नंतर कधी पाहिला नाही. "तिला आठवलं रे. आत काहीतरी चुकलंय हे तिला दुसऱ्या दिवशी आठवलं. ती मागे आली."

मग त्यांनी पेन काढलं. माझ्या नोंदीखाली तीन ओळी कोऱ्या सोडल्या आणि चौथ्या ओळीवर त्या दिवसाची तारीख घातली. हा माणूस कागदाच्या दोन्ही बाजूंना, समासातसुद्धा लिहायचा. "इथे जागा ठेवलीय तुझ्यासाठी. घाई नको. कोळी कुठला होता, त्याचे पाय हलत होते का, आठवेल तसं लिही."

त्या दिवशी दुपारभर ते भिंतीच्या बुडाशी भिंग घेऊन टाकून दिलेला कोळी शोधत होते. प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते झाडू घेऊन उभे होते. मामा आटपाडीकडचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. नोकरीला लागलेले तेच पहिले.

"मामा, इथे झाडलंत का हो या आठवड्यात?"

"झाडाया दार तर उघडाया पायजे न्हवं," मामा म्हणाले आणि माझ्याकडे बघून थांबले. मग म्हणाले, "म्हंजी, आजच उघडलंय. वाऱ्यानं गेला आसंल कोळी."

व्हरांड्याच्या दाराची किल्ली मामांकडे असायची. ते मला तेव्हाच ध्यानात आलं. नंतर त्यांनी मला ट्रेच्या कपाटामागे गाठलं.

"धाकलं सर, तुमी शेवटचं सात दिस कुलूप काढून घेतलं न्हाई माज्याकडनं."

मी कपाटातले ट्रे सरळ करायला लागलो.

"मी काय बोलणार न्हाई. माजं काम न्हवं ते. तुमचं तुमी बोला. पर लवकर बोला. थोरलं सर लय भोळं हाईत वो."

मी लवकर बोललो नाही. त्यानंतर जे झालं त्याने ते आणखी अवघड झालं.

मे महिन्यात सांगलीला जीवशास्त्राच्या शिक्षकांचा एक मेळावा होता. पंचवीस-तीस माणसं, वर गरगरणारे पंखे. सरांनी उभं राहून शेहेचाळीस क्रमांकाची हकीकत सांगितली. कुणीतरी मागून म्हणालं, "बाईमाणूस आहे, झाकण लावल्यावर पुन्हा उघडून बघणारच!" सगळे हसले. पुण्याहून एक वयस्कर बाई आल्या होत्या. जन्म कीटकांत घालवलेल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हे कुणी पाहिलं?"

सरांनी माझ्याकडे हात केला. "याने. माझा विद्यार्थी." मला उभं राहावं लागलं.

"लिंपण कोरडं होतं की ओलं, तिने फोडलं तेव्हा?"

मी एक क्षण थांबलो. त्यांना वाटलं असेल, आठवतोय. "ओलं," मी म्हणालो. "जरासं ओलं."

"मग शक्य आहे," बाई म्हणाल्या. "पण एकदा पाहिलेलं म्हणजे न पाहिल्यासारखंच. पुन्हा पाहा."

पहिलं खोटं मी दुपारच्या रिकाम्या स्टाफरूममध्ये लिहिलं होतं. हे तीस माणसांत, उभं राहून सांगितलं. परत येताना सरांनी मला एसटीत खिडकीची जागा दिली आणि भडंगाची पुडी माझ्या हातात ठेवली. वाटेत एकदाच बोलले. "पुन्हा पाहा म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं."

त्या दिवसापासून सर पुन्हा पाहायला बसले.

सकाळचे तास त्यांनी दुपारी लावून घेतले. फेब्रुवारी ते जून, रोज दहा ते एक, त्या स्टुलावर. गुरुवारचं स्टँडवर जाणं आधी कमी झालं, मग बंद. कंडक्टर एकदा कॉलेजवर चौकशीला आला. "सर आजारी हाईत काय वो? दोन महिनं झालं, जाळीतली पाखरं तशीच वाळून चालल्यात." मी म्हणालो, कामात आहेत. एसटीच्या वह्या कपाटात गेल्या. ते पुस्तक झालं नाही ते असं.

मी शेजारून ये-जा करायचो. हंगाम सुरू झाला की एकदा तरी ते मान न वळवता विचारायचे, "काही आठवलं का रे?" त्या तीन ओळींबद्दल. मी म्हणायचो, "नाही सर, अजून नाही." रोज एक वाजता ते वहीत काहीतरी लिहून ती मिटायचे.

तीन वर्षांनी सांगलीच्या एका कॉलेजात माझी कायम नेमणूक झाली. सरांनी शिफारसपत्र दिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : 'हा नेमकं पाहतो.' ते पत्र मी मुलाखतीच्या टेबलावर स्वतःच्या हाताने ठेवलं.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाला मी गेलो. शाल-नारळ झाल्यावर प्राचार्यांनी विचारलं, आठवण म्हणून काय द्यावं? सर म्हणाले, "व्हरांड्यातलं स्टूल द्या." सभागृह हसलं. मामा हसले नाहीत. त्यांनीच ते औंधच्या गाडीच्या टपावर बांधून दिलं.

औंधला मी एकदाच गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी, गावाच्या कडेला घर. सोप्यात स्टूल, समोर न रंगवलेली भिंत, अंगणात मुद्दाम गळता ठेवलेला नळ. सरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

"ये ये. बस. तिकडून नको, बाईंच्या वाटेत येतोस." मग, "काही आठवलं का?"

"सर, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांग की."

त्यांच्या मुलीने चहा आणला. सर तिला म्हणाले, "हा तो. याने पाहिलं होतं." ती म्हणाली, "अगंबाई, तुम्ही होय! घरात रोज तुमचं नाव निघतं." सर बशीत चहा ओतत म्हणाले, "मला अजून दिसलं नाही बघ. पण एक झालं. आधी वाटायचं, हे जीव नुसते पुढे जातात, मागचं त्यांना काही नाही. तू ते दाखवलंस म्हणून म्हातारपणी रोज सकाळी उठायला कारण आहे. हां, काय सांगत होतास?"

मी म्हणालो, "मुलगा दहावीला बसलाय यंदा."

"वा," सर म्हणाले.

गेल्या वर्षी सर गेले. मुलीचा निरोप आला की एक पार्सल माझ्या नावाने बांधून ठेवलंय, येऊन न्या. मी जाऊन आणलं. एसटीच्या दोन वह्या होत्या आणि ती जाबदा वही. वर्तमानपत्राचं कव्हर बदललेलं होतं.

घरी येऊन वही उघडली. सांगलीच्या मेळाव्यानंतर प्रत्येक हंगामातल्या प्रत्येक दिवसाच्या नोंदीच्या शेवटी दोन शब्द होते : 'दिसलं नाही.' मी मोजायला लागलो आणि मोजणं थांबवलं. पानंच्या पानं. शेवटी शेवटी अक्षर मोठं आणि वाकडं झालं होतं, ओळ सोडून जात होतं, पण 'दिसलं' वरचा अनुस्वार चुकलेला नव्हता. वाटलं ते त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं.

मग मागे जाऊन माझं पान काढलं. माझ्या अक्षरातली नोंद. तिच्याखाली तीन ओळी. त्या कोऱ्याच होत्या.

मी सत्तावीस वर्षं मुलांना नोंदी कशा ठेवाव्यात ते शिकवतो आहे. वहीत खोडू नका, असं दर जूनमध्ये सांगतो. त्या नोंदीवर आडवी रेघ मारावी असं हाताला वाटलं, ते इथे लिहून ठेवतो. मारली नाही.

मामांना फोन केला. ते आता गावी असतात, ऐकू कमी येतं. वहीत खरं काय ते लिहायचंय, हे दोनदा सांगावं लागलं. त्यांच्या मागे मेंढरं ओरडत होती.

"आता सांगून कुनाला ऐकू जानार हाय, धाकलं सर?"

"कुणाला नाही मामा."

"मग कशापायी?"

"त्यांनी जागा ठेवलीय."

"व्हय," मामा म्हणाले. "तसं आसंल तर लिवा."

निळं पेन घेतलं आणि पहिल्या कोऱ्या ओळीपासून बारीक अक्षरात लिहिलं :

'वरची नोंद मी पाहिलेली नाही. शेवटचे सातही दिवस मी भिंतीसमोर नव्हतो. सांगलीला "ओलं" म्हणालो, तेही पाहिलेलं नाही. सरांना दिसलं नाही, कारण ते घडलंच नव्हतं. सर बरोबर शिकवत होते.'

जागा बरोबर पुरली. तिसऱ्या ओळीच्या टोकाला तारीख घातली आणि सही केली.